मसाई पठाराआधी हँडलबारची रुंदी

पाऊस उघडला की पन्हाळ्याच्या पुढे मसाई पठारावर सायकली काढायच्या, हे आपलं दर वर्षीचं ठरलेलं. तयारी म्हणजे चेनला तेल, ब्रेकचे पॅड, टायरची हवा. हँडलबारची रुंदी मात्र कुणी मोजत नाही. दुकानातून आला तसाच तो राहतो. यंदा निघायच्या निदान पंधरा दिवस आधी हे काम हाती घ्या, कारण बदललेली पकड अंगवळणी पडायला तेवढे दिवस लागतात.

आधी आहे तो बार मोजा. टेप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ ताणून धरा, बारच्या वळणावरून नेऊ नका. १९९० च्या दशकातली सायकल असेल तर ५६० ते ६०० मिलिमीटर भरेल, आजच्या माउंटन बाइकला बहुधा ७४० ते ८००. बार रुंद असला की चाक दगडावर आपटून वळू लागलं तरी हातातली तरफ लांब असते, उतारावर सायकल सरळ धरवते. पण प्रत्येक वळणाला हात जास्त फिरवावे लागतात. आणि हात फाकले की छाती पुढे ओढली जाते, म्हणून रुंद बारासोबत स्टेम, म्हणजे बार सायकलला धरून ठेवणारा पुढचा दांडा, आखूड लागतो, साधारण ३५ ते ५० मिलिमीटरचा. जुन्या लांब स्टेमवर नुसता रुंद बार चढवलात तर पाठ नक्की धरेल. नवा बार घेणार असाल तर स्टेम बारला जिथे धरतो तिथला व्यासही बघून ठेवा, आजच्या सायकलींना बहुधा ३१.८ किंवा ३५ मिलिमीटर. एकाचा बार दुसऱ्यात बसत नाही.

मग स्वतःला मोजा. जमिनीवर जोर काढायच्या पवित्र्यात या, डोळे मिटा आणि चार-पाच जोर काढा. तालमीत शिकवलेला हात जवळ घेतलेला जोर नको, जिथे सहज ताकद लागते तिथे हात पडू द्या. दोन्ही तळव्यांच्या बाहेरच्या कडांशी कुणाकडून तरी खडूने खुणा करून घ्या आणि मधलं अंतर मोजा. हा तुमचा सुरुवातीचा आकडा. उंचीवरून रुंदी सांगणाऱ्या तक्त्यांपेक्षा माझा यावर जास्त भरवसा आहे; एकाच उंचीच्या दोघांचे खांदे सारखे नसतात.

वाटही विचारात घ्या. मसाई म्हणजे उघडा जांभ्याचा सडा, तिथे रुंद बार कशालाच अडत नाही. पण आपली रोजची सायकल उसाच्या पाणंदीतून जाते. दोन्ही बाजूंनी ऊस आत झुकलेला असतो, पाला बोटांच्या पेरांवर घासून कातडी चिरतो, समोरून ट्रॉली आली तर विचारूच नका. तिथे वीस मिलिमीटरही जाणवतात. घराचं दारही मोजा: अडीच फुटांच्या दारातून, म्हणजे ७६२ मिलिमीटरमधून, ७८० चा बार सरळ जात नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लगेच कापू नका. ब्रेक लिव्हर आणि शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) आत सरकवा, मग दोन्ही ग्रिप दहा-दहा मिलिमीटर आत घ्या आणि आठवडाभर मोकळ्या रस्त्यावर चालवा. ग्रिपचं टोक बंद असेल तर उघड्या टोकाचे ग्रिप आणा. बाहेर आलेल्या बाराच्या तोंडात बूच हवंच; पडल्यावर उघडी नळी अंगात घुसते. चालवताना कोपरं ताठ होत असतील, मनगटं बाहेरच्या बाजूला मुडपत असतील, खांद्याच्या पात्यांमध्ये दुखत असेल, तर अजून आत या. उलट उतारावर सायकल चुळबुळ करू लागली, तर जास्त आत आलात.

मी एकदा हा आठवडा वगळला आणि सरळ ७२० वर कापला. पन्हाळ्यावरून उतरताना पुढचं चाक हातात राहीना. कापलेला बार जोडता येत नाही. नवा घ्यावा लागला.

कापायची वेळ आलीच तर दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिलिमीटरच काढा, टोकाजवळच्या छापील खुणांच्या आधाराने. बार किती अरुंद चालतो याची मर्यादा कंपनीने दिली असेल तर ती पाळा. अ‍ॅल्युमिनियमला पाइप कटर चालतो, कडा कानशीने घासा. कार्बनला पाइप कटर अजिबात नको, तो तंतू चिरडतो. बारीक दातांचं हॅक्सॉ पातं, ओला फडका आणि तोंडाला मास्क. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यात काम करून घेणार असाल तर हे आधी सांगा, आणि बार उघड्या शिकंज्यात, म्हणजे मध्ये काही न घालता व्हाइसमध्ये, आवळू देऊ नका.

ग्रिप आणि लिव्हर भागावर छापलेल्या टॉर्कनेच, म्हणजे तिथे दिलेल्या जोराच्या आकड्याइतकेच, आवळा. पहिली फेरी रंकाळ्याभोवती मारा, घरी येऊन एलन की पुन्हा फिरवून बघा. ग्रिप किंचित जरी फिरत असेल तरी ते इथेच कळायला हवं, वाघबीळच्या चढाला लागण्याआधी.