शिंपल्याच्या वृषणात शुक्राणू घडताना पाहायचे, तर ऊती फुगू देऊ नका

ही कृती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली पाहायच्या कापांसाठी आहे. मायटिलस वंशातला (समुद्री शिंपल्यांचा एक गट) पक्व नर शिंपला घ्या. याची जननग्रंथी प्रावरणात, म्हणजे कवचाला आतून लागून असलेल्या मऊ पडद्यात पसरलेली असते. नराचं प्रावरण सहसा दुधाळ आणि मादीचं नारिंगी असतं, पण रंगावर विसंबू नका. काचपट्टीवर थेंबभर स्राव घ्या आणि शुक्राणू वळवळताना दिसले तरच पुढे जा. प्रावरणाचे 1 मिमीहून लहान तुकडे फिक्सेटिव्हच्या (ऊती आहे तशी टिकवणाऱ्या द्रावणाच्या) थेंबातच कापा.

खरी गोम फिक्सेटिव्हमध्ये आहे. 2.5% ग्लुटरल्डिहाइड आणि 0.1 मोलर कॅकोडायलेट बफर ही सगळीकडे उतरवली जाणारी कृती सस्तन प्राण्यांच्या ऊतींसाठी आहे. समुद्राच्या पाण्याची परासरणता (विरघळलेल्या कणांचं प्रमाण, ज्यावर पाणी पेशीत शिरणार की बाहेर पडणार हे ठरतं) साधारण 1000 मिलिऑस्मोल, तर या बफरची जेमतेम 200. त्यामुळे पेशी पाणी ओढून टम्म फुगतात. लिटरभर बफरमध्ये 23 ग्रॅम सोडियम क्लोराइड घाला. ग्लुटरल्डिहाइडची परासरणता मात्र हिशेबात धरू नका. ते पेशीच्या पटलातून आत शिरतं, त्यामुळे पेशीचा आकार राखायचं काम बफर आणि मिठालाच करावं लागतं.

इथवर नीट करणारेही धुताना घसरतात. ग्लुटरल्डिहाइडनंतरही पटलं परासरणाला दाद देतात, म्हणून धुण्याचा बफर आणि त्यानंतरच्या दुसऱ्या फिक्सेटिव्हचं, 1% ऑस्मियम टेट्रॉक्साइडचं द्रावण, दोन्हींत तेवढंच मीठ हवं. साध्या बफरने एकदा धुतलंत तरी आधीची मेहनत पाण्यात. फॉस्फेट बफर समुद्राच्या पाण्यात कालवू नका, पांढरा साका बसतो. कॅकोडायलेटमध्ये आर्सेनिक असतं आणि ऑस्मियमची वाफ डोळ्यांना घातक असते, त्यामुळे हातमोजे आणि फ्यूम हूड हवेतच.

निर्जलीकरण, रेझिन आणि काप नेहमीप्रमाणे.

पाहताना वृषणातल्या ज्या पोकळ पिशवीत शुक्राणू घडतात तिच्या भिंतीकडून पोकळीकडे सरका. भिंतीलगत फिकट, मोठ्या केंद्रकाच्या स्पर्मॅटोगोनिया (शुक्राणूंच्या मूळ पेशी), मग जाड धाग्यांसारख्या क्रोमॅटिनचे (केंद्रकातल्या डीएनए-प्रथिनांच्या द्रव्याचे) प्राथमिक स्पर्मॅटोसाइट, म्हणजे त्यांच्या पुढच्या टप्प्यातल्या पेशी. दुय्यम स्पर्मॅटोसाइट क्वचितच सापडतात, कारण ते लगेच विभागतात. दिसले नाहीत म्हणून काप वाया गेला असं समजू नका.

स्पर्मॅटिडपाशी, म्हणजे शुक्राणूचा आकार घेत असलेल्या पेशींपाशी वेळ द्या. गॉल्जी पिंडातून सुटलेल्या सूक्ष्म पिशव्या एकत्र येऊन ॲक्रोसोम (शुक्राणूच्या टोकावरची टोपी) होतो, क्रोमॅटिन कणीदार अवस्थेतून घट्ट होत जातं, आणि विखुरलेल्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) एकमेकींत मिसळून सेंट्रिओलांभोवती (शेपटीच्या मुळाशी असलेल्या नळीसारख्या रचनांभोवती) मोजक्या मोठ्या गोळ्यांचं कडं करतात. त्या गोळ्या आतून रिकाम्या आणि त्यांच्या शिखा (आतल्या पटलाच्या घड्या) तुटलेल्या दिसल्या, तर ती घडणीची नवी अवस्था नव्हे. मीठ कमी पडलंय.