बंद पडलेला एसएमपीएस उघडण्याआधी

जुना कॉम्प्युटर सोडवताना सगळ्यात जपून हात लावायचा तो एसएमपीएसला, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायला. प्लग काढला, पंखा थांबला, तरी त्या पत्र्याच्या डब्यात करंट शिल्लक असू शकतो. घरातला २३० व्होल्टचा पुरवठा आत डीसी होऊन सुमारे ३२५ व्होल्टवर जातो आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) साठतो. ॲक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेल्या मॉडेलमध्ये हाच आकडा ३८० ते ४०० असतो.

बिघडलेला एसएमपीएस तर चालू असलेल्यापेक्षा धोक्याचा. चालू असलेला एसएमपीएस प्लग काढल्यावर हा साठा स्वतःच संपवतो. बिघडलेल्यात स्विचिंगच (ही वीज वेगाने चालू-बंद करून पुढे देण्याचं काम) सुरू होत नसेल, तर साठा खाणारं कोणी उरत नाही. मग भिस्त कपॅसिटरला समांतर जोडलेल्या रेझिस्टरवर. ४७० मायक्रोफॅरडला २२० किलो-ओहमचा असेल, तर चार्ज उतरायला आठ-नऊ मिनिटं लागतात. तोच तुटला असेल, तर घड्याळाकडे बघून उपयोग नाही. मल्टीमीटर लावायलाच हवा.

प्लग काढून किमान पंधरा मिनिटं थांबा. हातातली अंगठी, कडं आणि अँटिस्टॅटिक पट्टाही काढा. पट्टा तुम्हाला अर्थिंगला जोडतो, इथे तो नको. झाकण उघडल्यावर हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीला) बोट लावू नका, काही डिझाइनमध्ये तेही लाइव्ह असतं. बोर्डाचे स्क्रू काढून बोर्ड फक्त कडांना धरून उलटा करा. शॉक बसतो तो बहुतेक इथेच: उचलताना बोटं खाली जातात आणि कपॅसिटरच्या दोन टोकदार सोल्डरवर टेकतात.

मीटर डीसी १००० व्होल्टच्या रेंजवर ठेवून, एक हात पाठीमागे घेऊन, प्रत्येक मोठ्या कपॅसिटरची दोन्ही टोकं मोजा. व्होल्टेज दिसलं, तर २.२ किलो-ओहम, १० वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी दहा सेकंद लावा आणि पुन्हा मोजा. पाच मिनिटांनी परत एकदा मोजा, कारण कपॅसिटरमध्ये थोडं व्होल्टेज आपोआप परत चढतं. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय मोडाच: ठिणगीबरोबर वितळलेला धातू डोळ्याकडे उडतो.

जुना काचेचा सीआरटी मॉनिटर असेल, तर तो उघडूच नका. त्याच्या ट्यूबवर पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि मागची बारीक मान तुटली तर काच फुटू शकते. तो अखंडच अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. जुन्या एलसीडीतल्या बॅकलाइटच्या नळ्यांत पारा असतो, वाकवू नका. लॅपटॉपची फुगलेली बॅटरी दाबू किंवा टोचू नका. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कची तबकडी बऱ्याचदा काचेची असते. वाकवायला गेलात तर तिचे सुरीसारखे तुकडे होतात.

मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल काढला की दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून लगेच डबीत बंद करा. लहान मुलाने गिळला, तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. उलटी करवू नका, थेट हॉस्पिटल गाठा.