उंदराची भीती मोजायची, तर आधी गट नीट पाडा

लॅबमध्ये नवं आलेलं प्रत्येक पोर पहिल्याच दिवशी विचारतं, ‘ताई, पीसीआरचं मशीन कुठंय?’ मेंदूतल्या आरएनएची पातळी मोजायला लागतं ते मशीन; पण मी त्याला आधी उंदरांच्या खोलीत नेते.

पेटीत सूर वाजतो, तो संपता संपता पायाखालच्या सळयांतून हलका शॉक बसतो. दुसऱ्या दिवशी नुसता सूर ऐकूनही उंदीर थिजतो. मिशीही हलत नाही, श्वास तेवढा चालू. या थिजण्याचे सेकंद मोजायचे.

नंतर अमिग्डालात, म्हणजे मेंदूच्या भीती हाताळणाऱ्या भागात, एखादा मायक्रोआरएनए (जनुकांचं काम आवरणारा आरएनएचा चिमुकला तुकडा) वाढलेला दिसला की पोरं उड्या मारतात. थांबा. शॉकच्या वेदनेनं, नवख्या पेटीनं, अगदी तुमच्या हाताळण्यानंही पातळी हलते. म्हणून किमान चार गट पाडा: पिंजऱ्यातच राहिलेले, फक्त सूर ऐकलेले, सूर आणि शॉक दोन्ही पण वेगवेगळ्या वेळी मिळालेले, आणि जोडीनं मिळालेले. तिसरा गट गाळून उंदीर वाचवायचा मोह सगळ्यांना होतो. तिथंच घोडं पेंड खातं.

मेंदू केव्हा काढायचा तेही आधीच ठरवा. सूर-शॉकनंतर अर्ध्या तासानं स्मृती अजून पक्की होत असते, चोवीस तासांनी झालेली असते. सगळे गट दिवसाच्या एकाच वेळी करा.

आता माझी फजिती. पहिल्या वर्षी मी नेहमीच्या कॉलमनं, म्हणजे आरएनए धरून ठेवणाऱ्या गाळणीच्या नळीनं, आरएनए काढला. तो कॉलम साधारण २०० अक्षरांपेक्षा (आरएनएच्या साखळीतल्या दुव्यांपेक्षा) लहान तुकडे धरतच नाही, आणि मायक्रोआरएनए जेमतेम २२ अक्षरांचा! तीन आठवड्यांचं काम टाकाऊ द्रवात गेलं. लहान आरएनए धरणारी पद्धत घ्या. तिच्यात इथेनॉल जास्त पडतं, ते हात आखडून घालू नका.

पातळी बदलली म्हणजे कारण सापडलं असंही नाही. क्वीन्सलंडच्या गटानं २०११ मध्ये एमआयआर-१२८बी हा मायक्रोआरएनए उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागात मुद्दाम कमी केला, तेव्हा भीती ओसरण्याचं शिकणं, म्हणजे आता सुरामागून शॉक येत नाही हे उमगणं, बिघडलं. असा हस्तक्षेप तुम्हीही करा. मात्र आधी तो उंदीर मोकळ्या पेटीत नीट हिंडतो का, शॉकला इतरांइतकाच दचकतो का, ते पाहा. सुस्त पडलेला उंदीरही कॅमेऱ्याला थिजलेलाच दिसतो.