पदूकाचे क्विल्ट प्रदर्शन: पाहण्यासाठी आणि स्पर्धेसाठी

अमेरिकेतील केंटकी राज्यात पदूका या नदीकाठच्या लहान शहरात १९८५ साली सुरू झालेल्या क्विल्टांच्या, म्हणजे थर एकत्र शिवून केलेल्या गोधड्यांच्या, प्रदर्शनाला जायचे असेल, तर मुक्कामाची सोय काही महिने आधीच करावी, कारण एप्रिलमधल्या त्या आठवड्यात खोली मिळणे दुरापास्त असते. स्पर्धेतील क्विल्टांसाठी एक अख्खा दिवस राखून ठेवावा. कापडाची दुकाने नंतर पाहिली तरी चालते, मात्र तेथील राष्ट्रीय क्विल्ट संग्रहालय चुकवू नये. क्विल्टला हात लावायचा नसतो. मागची बाजू पाहायची असल्यास पांढरे हातमोजे घातलेल्या स्वयंसेवकांना विनंती करावी.

स्पर्धेत उतरणाऱ्याने त्या वर्षीची नियमावली शब्दशः वाचावी. प्राथमिक निवड छायाचित्रांवरून होते, म्हणून एक छायाचित्र संपूर्ण क्विल्टचे आणि दुसरे टाके स्पष्ट दिसतील असे जवळून, एकसारख्या उजेडात काढावे. पुढे परीक्षक प्रत्यक्ष क्विल्ट तपासतात, तेव्हा टाक्यांची समान लांबी, कडांचा सरळपणा आणि कोपऱ्यांची नेटकी घडी यांवर त्यांची नजर असते; रंगसंगती कितीही देखणी असली, तरी आतून पोकळ राहिलेली, कडेभोवती शिवलेली पट्टी (आणि ती हमखास राहते) गुण घालवते. मागच्या बाजूला, वरच्या कडेलगत, क्विल्ट टांगण्याची दांडी ओवण्यासाठी साधारण चार इंच रुंदीची कापडी नळी हाताने शिवावी आणि तिचे टाके पुढे उमटू देऊ नयेत.