समकालीन कलेच्या संग्रहालयात संवर्धन विभाग चालवताना या चुका टाळा

अधूनमधून कुणीतरी नवा विभागप्रमुख मला फोन करतो आणि विचारतो, "पहिल्या सहा महिन्यांत काय काय सुरू करू?" उपकरणांची यादी तयार असते, प्रयोगशाळेचा नकाशाही तयार असतो. मी सांगते, यादी बाजूला ठेवा आणि काय करायचं नाही ते आधी ऐका. ऊन, धूळ, दमट हवा यांनी कलाकृतींचं नुकसान होतंच. पण मी जवळून पाहिलेलं बरंचसं नुकसान वेळेवर न विचारल्यामुळे, नाहीतर विचारण्याआधी हात लावल्यामुळे झालेलं आहे. चुका त्याच त्या, करणारी माणसं तेवढी नवी.

खरेदी उरकल्यावर संवर्धन विभागाला कळणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण तिची किंमत मी रोज बघते.

आमच्याकडे एक शिल्प आलं तेव्हा त्याचे पैसे चुकते झाले होते आणि प्रदर्शनातली जागाही ठरली होती. पॉलियुरेथेन फोमचे दोन मोठे पिवळसर गोळे, एकमेकांना टेकलेले, बस्स. कंडिशन रिपोर्टवर, म्हणजे वस्तूच्या स्थितीच्या नोंदीत, मीच लिहिलं, "स्थिती चांगली." आणि ती होतीही. बोटाने हलकं दाबलं की फोम पुन्हा वर यायचा. कलाकाराला विचारायचे अकरा प्रश्न मी वहीत उतरवून ठेवले होते. प्रदर्शन उरकलं की निवांत बसू, असं आमचं ठरलं. ते प्रदर्शन संपलं, दुसरं लागलं, मग कुठल्याशा लोनची, म्हणजे दुसऱ्या संस्थेशी कलाकृती उसनी देण्या-घेण्याची, घाई आली. चौथ्या वर्षी कलाकाराच्या निधनाची बातमी आली तेव्हा ती वही माझ्या खणातच होती.

पुढे काही वर्षांनी शिल्पाची लाकडी पेटी उघडली तर तळाशी पिवळी पूड. लाकडाच्या भुशासारखी, पण चिकट. पॉलियुरेथेन फोम दोन प्रकारचा असतो. इस्टर जातीचा हवेतल्या ओलाव्याने तुटत जातो, ईथर जातीचा प्रकाश आणि ऑक्सिजनने. कोणता आहे ते आधी कळलं असतं तर साठवण वेगळी केली असती. आमचा ईथर होता, म्हणजे पहिल्या दिवसापासून अंधार आणि ऑक्सिजनविना बंद पिशवी, एवढ्यानेही त्याचं आयुष्य वाढलं असतं. ते केलं नाही, कारण नमुना तपासायला पाठवायचं राहून गेलं.

खरी अडचण मात्र रसायनाची नव्हतीच. फोम नवा ओतून शिल्प परत करायचं का, हा प्रश्न होता. घरचे म्हणाले, "ते स्वतःच म्हणायचे, खराब झालं तर नवं करा." त्यांचं काम वर्षानुवर्षं सांभाळणारी गॅलरी म्हणाली, "असं ते कधीच म्हणाले नसते." दोघंही मनापासून बोलत होते. कागद एकाकडेही नव्हता. शिल्प आजही पिशवीत आहे. ते हलवावं लागलं की गळलेली पूड माझी सहकारी मऊ कुंचल्याने गोळा करते, लिफाफ्यात भरते आणि वर तारीख घालते. असे नऊ लिफाफे झाले आहेत.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. खरेदी समितीच्या बैठकीत मी स्वतः जाते आणि एक पान घेऊन जाते. वस्तू कशाची आहे, दहा वर्षांनी कशी दिसेल, ती सांभाळायला दरसाल किती खर्च येईल, एवढंच त्यावर असतं. क्युरेटर सुरुवातीला नाराज होतात. होऊ द्या. मी खरेदी थांबवायला जात नाही. वीस वर्षांत भुगा होणारी वस्तूही घ्यावी, पण ती भुगा होणार हे माहीत असताना घ्यावी.

आणि कलाकाराची मुलाखत ताबा मिळाल्यापासून महिन्याच्या आत. ईमेलवर प्रश्नावली पाठवून मोकळे होणारे बरेच आहेत. त्याला मी मुलाखत मानत नाही. कलाकृतीसमोर बसायचं, रेकॉर्डर चालू ठेवायचा आणि तीन गोष्टी विचारल्याशिवाय उठायचं नाही. यातलं काय बदललेलं चालेल? काय बदललं तर हे तुमचं काम उरणार नाही? आणि हे संपलं असं आम्ही कधी समजायचं? तिसऱ्या प्रश्नावर माणसं बराच वेळ गप्प बसतात. त्या वेळी आपण बोलायचं नाही.

मोघम उत्तरावर समाधान मानू नका. शिल्पकार इव्हा हेस लॅटेक्समध्ये, म्हणजे द्रवरूप रबरात, काम करायची. ते टिकणार नाही हे तिला ठाऊक होतं आणि ती तसं बोललीही होती. १९७० मध्ये, अवघ्या ३४ व्या वर्षी ती गेली. मग ते लॅटेक्स कडक आणि तपकिरी होऊन तडकू लागलं, तेव्हा ते दाखवायचं, मिटवून ठेवायचं की प्रतिकृती करायची, हे तिच्या पश्चात इतरांना ठरवत बसावं लागलं. १९६९ चं तिचं 'एक्स्पांडेड एक्स्पान्शन' दीर्घ उपचारांनंतर न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०२२ मध्ये पुन्हा लोकांसमोर मांडलं. मधली कितीतरी वर्षं ते कुणी पाहिलंच नाही.

उलट बाजूही सांगते. कलाकाराचा शब्द म्हणजे कायदा नव्हे. जुनं काम दुरुस्त करायला बोलावलं तर बरेच जण ते सुधारू लागतात. आजच्या हाताने कालचं काम पुसलं जातं. त्यांना विचारा, ऐका, लिहून घ्या. ब्रश हातात देण्याआधी मात्र दहादा विचार करा.

"जरा पुसून घेतो" म्हणून फिरवलेला ओला स्वॅब

उद्घाटनाची आदली संध्याकाळ. दोन मीटर रुंद, सबंध एका निळ्या रंगाचं ॲक्रिलिकचं चित्र, वार्निश नाही, दुसऱ्या संस्थेकडून लोनवर आलेलं. खालच्या कोपऱ्याजवळ अंगठ्याचा ठसा दिसला. वरून निरोपांवर निरोप येत होते. माझा सहकारी हुशार, तैलचित्रांवर चार वर्षं काम केलेला. मी दुसऱ्या दालनाकडे निघाले होते. दारातूनच म्हटलं, "बघ काही करता आलं तर."

त्याने डीआयोनाइज्ड, म्हणजे क्षार काढून टाकलेल्या, पाण्यात स्वॅब, म्हणजे काडीवर गुंडाळलेला कापूस, बुडवला, पिळला आणि आठ-दहा वेळा फिरवला. ठसा गेला. समोरून पाहिलं तर सगळं छान. मी परत आल्यावर टॉर्च भिंतीला टेकवून तिरपा धरला, तेव्हा त्या मॅट निळाईत नाण्याएवढा चकचकीत डाग उजळला. स्वॅबचा कापूस फिकट निळा झाला होता. तो अजूनही माझ्या डोळ्यांपुढे आहे. चूक त्याची नव्हती. दारातून दिलेली परवानगी माझी होती, आणि मालक संस्थेला पत्रही मीच लिहिलं.

ॲक्रिलिक इमल्शन तैलरंगासारखं वागत नाही. नेहमीच्या तापमानालाही त्याचा थर मऊ असतो, म्हणून धूळ त्यात रुतते. रंग बनवताना घातलेली साबणासारखी द्रव्यं हळूहळू पृष्ठभागावर येतात. पाणी लागलं की ती विरघळून जातात, थर फुगतो आणि घासला की चमक बदलते. पाण्याची आम्लता आणि त्यातल्या क्षारांचं प्रमाण बघून घेतलं तर फुगणं बरंच कमी होतं. किंचित आम्ल, साधारण पाच ते सहा पीएच, आणि पुरेसे क्षार. नुसतं शुद्ध पाणी सगळ्यात निर्धोक, असं धरून चालणारे नवशिके इथेच फसतात.

माझे नियम पुस्तकातले नाहीत, पण मोडू देत नाही. उद्घाटनाला ४८ तास उरले की ओली वस्तू चित्राजवळ आणायची नाही. आधी तिरप्या उजेडात फोटो. मग कडेला, चौकटीत झाकल्या जाणाऱ्या जागी कोरडी चाचणी. मग चहाच्या सुट्टीएवढं नव्हे, एक अख्खी रात्र थांबायचं आणि सकाळी त्याच कोनातून परत बघायचं. दुसऱ्याच्या मालकीचं असेल तर लेखी परवानगी आल्याशिवाय काहीच नाही. ठसा तसाच ठेवून उद्घाटन झालेलं मला चालतं. हे वरच्यांना सांगण्यासाठीच विभागप्रमुख असतो.

एकरंगी चित्रांशी घाई करू नये हे ज्यांना पटत नाही त्यांना मी अमेरिकन चित्रकार बार्नेट न्यूमनचं 'हूज अफ्रेड ऑफ रेड, येलो अँड ब्लू थ्री' आठवायला सांगते. ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात १९८६ मध्ये एकाने त्यावर सुरी चालवली. १९९१ मध्ये ते दुरुस्त होऊन परतलं तेव्हा लाल रंगाची खोलीच हरवल्याची ओरड झाली, वरून रोलर फिरवल्याचे आरोप झाले आणि भांडण कोर्टापर्यंत गेलं. त्याच्या शेजारी हार्वर्ड विद्यापीठातली चित्रकार मार्क रॉथ्कोची भित्तिचित्रं ठेवून बघा. त्यातला लिथॉल रेड नावाचा लाल रंग उन्हाने उडाला होता. वार्निश नसल्यामुळे वरून रंग भरला असता तर तो पुन्हा काढता आला नसता. म्हणून २०१४ मध्ये तिथल्या संवर्धकांनी चित्राला हातच लावला नाही. प्रोजेक्टरने मोजून-मापून रंगीत उजेड टाकला आणि गेलेला रंग डोळ्यांना दिसू लागला. प्रोजेक्टर बंद केला की फिकटलेलं मूळ चित्र जसंच्या तसं. एवढा धीर धरणारी टीम तयार करणं हे आपलं काम आहे.

थोडक्यात आटोपणाऱ्या, पण तितक्याच नेहमीच्या चुका

ॲक्रिलिक चित्राला बबल रॅप थेट लावू नका. फुग्यांचे गोल वळ उमटतात आणि ते निघत नाहीत. चित्राला काहीही न टेकणारी प्रवासी चौकट करून घ्या.

नवा एमडीएफचा (दाबलेल्या लाकूडतंतूंच्या फळीचा) चौथरा, नवा रंग, नवं कापड शोकेसमध्ये घालण्याआधी ऑडी चाचणी करा, म्हणजे त्यातून निघणाऱ्या वाफांनी धातू गंजतो का ते बघा. ६० अंशांवर २८ दिवस, धातूच्या पट्ट्यांसह. "वास येत नाही" ही चाचणी नव्हे. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर शोकेसच्या जवळपासही नको.

पीव्हीसीची वस्तू चिकट लागली की टिश्यूत गुंडाळू नका. कागद तिला कायमचा चिकटून बसतो.

वर्षभर ५० टक्के आर्द्रता, रेसभरही इकडेतिकडे नाही, असा हट्ट सोडा. बऱ्याचशा वस्तूंना ४० ते ६० टक्के आणि १६ ते २५ अंश, फक्त एका दिवसात मोठी उडी नको, हा बिझो गटाने, म्हणजे मोठ्या संग्रहालयांच्या संचालकांच्या गटाने, मान्य केलेला पट्टा पुरतो. उरलेली ताकद खरोखर नाजूक असलेल्या वस्तूंवर लावा.

रिपोर्टमध्ये "चांगली" हा शब्द मी आता कुणालाच लिहू देत नाही. काय दिसलं, कुठे, किती मिलिमीटर, ते लिहा.

कपाटातली हार्ड डिस्क

व्हिडिओ कलाकृती आली, डिस्क पेटीत, पेटी कपाटात, कपाटाला कुलूप. झालं संवर्धन! न चालवता ठेवलेली डिस्क कधी बंद पडेल याचा नेम नसतो. आली त्याच दिवशी तीन प्रती करा आणि त्यातली एक दुसऱ्या इमारतीत ठेवा. प्रत्येक फाइलची चेकसम, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा आकडा, नोंदवा आणि ठरलेल्या तारखेला ती पुन्हा जुळवून बघा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणीतरी बसून बघितलं पाहिजे, फॉरवर्ड न करता. एका कामाच्या शेवटच्या चार मिनिटांत आवाजच नव्हता आणि आम्हाला ते प्रदर्शनात, प्रेक्षकाकडून कळलं.

यंत्रांचंही तसंच. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश या वेबवर ॲनिमेशन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा आधार संपला, आणि त्याची घोषणा तीन वर्षं आधी झालेली असूनही कित्येकांची नेटवरची कामं एका रात्रीत मुकी झाली. दक्षिण कोरियातल्या राष्ट्रीय आधुनिक व समकालीन कला संग्रहालयात व्हिडिओ कलाकार नाम जून पैकचा १,००३ टीव्हींचा मनोरा १९८८ पासून उभा आहे. तो २०१८ मध्ये बंद करावा लागला आणि २०२२ मध्ये परत सुरू झाला. दुरुस्त होणारे जुने संच दुरुस्त केले, जे होणार नव्हते तिथे सपाट पडदे बसवले. तुमच्याकडे काचेच्या नळीचे टीव्ही किंवा फ्लुरोसंट नळ्या असतील तर सुटे भाग बंद पडल्यावर शोधू नका, आत्ता घ्या. आणि टीव्हीचा डबा कलाकृतीचा भाग आहे की फक्त त्यावरचं चित्र, हे लिहून घ्या. याचं उत्तर बदललं की पुढचा सगळा खर्च बदलतो.

सफाई कर्मचाऱ्यांना न भेटणं

२०११ मध्ये जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या संग्रहालयात कलाकार मार्टिन किपेनबर्गरच्या कामातल्या रबरी घमेल्यात पाण्याचा वाळलेला डाग म्हणून रंगवलेला थर होता. सफाईच्या बाईंनी तो घासून काढला. त्यांनी आपलं काम चोख केलं होतं. तो डाग कलाकृतीचा भाग आहे, हे त्यांच्यापर्यंत नीट पोहोचलेलं नव्हतं.

नवी मांडणी झाली की मी सकाळी दालन उघडण्याआधी सफाईच्या पाळीसोबत एक फेरी मारते. हे घाण दिसतं पण घाण नाही, इथे बादली ठेवायची नाही, हे खाली पडलेलं दिसलं तर उचलू नका, मला हाक मारा. पंधरा मिनिटं लागतात. मेमो लावून भागत नाही. मागच्या वर्षी मोटरवर फिरणाऱ्या एका शिल्पाचा आवाज बदलल्याचं आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्या पाळीतल्या एक मावशी येऊन म्हणाल्या, "ताई, हे कालपासून कण्हतंय." बेअरिंग झिजलं होतं, दोन दिवसांत मोटर जळाली असती. त्या शिल्पाच्या देखभालीच्या वहीत आता रोजच्या नोंदीसमोर सही त्यांची असते.