लोहार चाळ गाठण्याआधी पॅनेलमधल्या या चुका टाळा

ठाण्याची वागळे इस्टेट असो, नवी मुंबईतलं रबाळे असो की महापे, कारखान्यातलं मशीन बंद पडलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "कॉन्टॅक्टर गेलाय, नवा आणा." (कॉन्टॅक्टर म्हणजे कॉइलच्या चुंबकाने ओढला जाऊन मोटर चालू-बंद करणारा स्विच.) मग कुणीतरी लोकलने सीएसएमटी गाठणार, लोहार चाळीत, म्हणजे मुंबईच्या इलेक्ट्रिकल मालाच्या बाजारात, पाच दुकानं फिरणार आणि अर्धी शिफ्ट घालवून पार्ट आणणार. नवा बसवला की तोही तसाच खडखडतो, कारण जुना गेलेलाच नव्हता.

न मोजता पार्ट बदलणं

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर. समजा कंट्रोल सर्किट (कॉन्टॅक्टरला आदेश देणाऱ्या वायरी) ११० व्होल्ट एसीचं आहे आणि कॉन्टॅक्टर ओढतो-सोडतो. एकाला स्टार्ट बटण दाबून धरायला सांगा आणि ए१-ए२ वर, म्हणजे कॉइलच्या दोन टोकांवर, मोजा. कॉइल तिच्या व्होल्टेजच्या ८५ टक्क्यांपासून नीट ओढायला हवी, म्हणजे ११० च्या कॉइलला साधारण ९४ व्होल्ट तरी मिळायला हवेत. मीटरवर ८० दिसले तर कॉइलला दोष देऊ नका, वाटेत कुणीतरी व्होल्टेज खातंय.

आधी ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवर पूर्ण ११० आहेत का ते बघा. असतील तर बटण दाबलेलंच ठेवून सिरीजमधल्या एकेका बंद कॉन्टॅक्टच्या दोन्ही टोकांवर मीटर लावत जा: फ्यूज, इमर्जन्सी स्टॉप, दाराचा लिमिट स्विच, ओव्हरलोड रिलेचे (करंट वाढला की मोटर बंद पाडणारा) ९५-९६ नंबरचे टर्मिनल. चांगल्या बंद कॉन्टॅक्टवर जवळपास शून्य येतं. जिथे २५-३० दिसले, तिथे चोर सापडला. स्क्रू ढिला असतो किंवा कॉन्टॅक्ट काळा पडलेला असतो. सप्लाय बंद करून बझर वाजवला तर हाच कॉन्टॅक्ट 'ओके' निघतो, कारण ड्रॉप दिसायला त्यातून करंट वाहायला लागतो. हे माप चालू पॅनेलमधलं आहे. कॅट थ्री रेटिंगचा मीटर आणि जाणता माणूस, दोन्ही हवेत.

व्होल्टेज पूर्ण असूनही कॉन्टॅक्टर गुणगुणत असेल तर सप्लाय बंद करून तो उघडा. मॅग्नेटच्या तोंडावर धूळ-तेलाचा थर असतो, नाहीतर तिथली गुणगुण थांबवणारी कडी, म्हणजे शेडिंग रिंग, तुटलेली असते.

उलट फसगतही होते. डिजिटल मीटर लोंबकळत्या वायरवरही ६०-७० व्होल्ट दाखवतो, शेजारच्या वायरींमुळे. तिथे टेस्ट लॅम्प लावा; पेटला नाही तर ते व्होल्टेज नुसतं भूत आहे.

ओव्हरलोडची चकती फिरवणं

मोटर ट्रिप होते म्हणून सेटिंग वाढवायचं, हा उपाय मोटर जळेपर्यंत चालतो. सेटिंग नेमप्लेटवरच्या करंटला ठेवा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटर आधी स्टार, मग डेल्टा जोडणीत चालवणारा) ओव्हरलोड रिले मेन कॉन्टॅक्टरखाली, फेजच्या वाटेवर असेल तर त्या आकड्याला ०.५८ ने गुणा: नेमप्लेटवर १४.५ अँपिअर, तर सेटिंग ८.४. तरी ट्रिप होत असेल तर तिन्ही फेजचा करंट क्लॅम्प मीटरने बघा. एक फेज शून्य आणि बाकी दोन चढलेले, म्हणजे सिंगल फेजिंग. फ्यूज, कॉन्टॅक्टरचा करपलेला पोल आणि मोटरचे लग तपासा.

दुकानात "२५ अँपिअरचा द्या" म्हणणं

कॉन्टॅक्टरवर दोन रेटिंग असतात. मोटरसाठी एसी-३ चा आकडा बघायचा; एसी-१ चा आकडा हीटरसारख्या लोडसाठी. एसी-१ ला २५ असलेला कॉन्टॅक्टर एसी-३ ला ९ चाच असू शकतो. कॉइल व्होल्टेज, एसी की डीसी, एनओ-एनसी (एरवी उघडे-एरवी बंद) कॉन्टॅक्ट किती, हे फोटो काढूनच न्या. जुना पार्ट पिशवीत घातला तर उत्तम. जुन्या जपानी मशीनमध्ये बाहेर ४१५ असले तरी आत ट्रान्सफॉर्मरनंतर २०० आणि कंट्रोलला १०० व्होल्ट बहुधा असतात, तेव्हा इनकमर (बाहेरून येणारा सप्लाय) बघून कॉइल मागवू नका. एसी कॉइलच्या जागी डीसीची बसवणंही नको. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात. ब्रँडेड माल अधिकृत डीलरकडून जीएसटी बिलावर घ्या. फारच स्वस्त मिळाला तर शंका घ्या.

प्रॉक्सिमिटी सेन्सरमध्ये (न टेकता वस्तू ओळखणारा) घोळ होतो तो एनपीएन-पीएनपीचा: एनपीएन आउटपुट शून्याला जोडतो, पीएनपी प्लस २४ ला. वायरींचे रंग दोन्हींत तेच: तपकिरी प्लस २४, निळी शून्य, काळी आउटपुट. म्हणून चुकीचा सेन्सरही बसतो, त्याचा दिवाही लागतो, फक्त पीएलसीचा (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) इनपुट पेटत नाही. जुन्याचा मॉडेल नंबर पुसला असेल तर इनपुट कार्डचा कॉमन बघा: कॉमनवर प्लस २४ असेल तर एनपीएन, शून्य असेल तर पीएनपी.

ड्राइव्ह जोडलेला ठेवून मेगर मारणं

मेगर म्हणजे इन्सुलेशन तपासणारा मीटर, ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग बदलणारं उपकरण. ५०० व्होल्टचा मेगर ड्राइव्हचं आउटपुट उडवू शकतो. मोटरच्या तिन्ही वायरी ड्राइव्हपासून सोडवा, मगच मेगर. सप्लाय बंद केल्या केल्या हातही घालू नका: ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हचा डीसी बस (आतला डीसी सप्लाय) ५८५ व्होल्टच्या आसपास असतो आणि कपॅसिटर ते धरून ठेवतात. ड्राइव्हवर छापलेली मिनिटं थांबा आणि बस मोजून खात्री करा.

पावसाळ्यात या पट्ट्यात ओल आणि रसायनांची वाफ मिळून टर्मिनल हिरवी-काळी करतात. वापरात नसलेली ग्लँडची (केबल आत येण्याची) भोकं बुजवा, पंख्याचा फिल्टर धुवा, पॅनेलचा स्पेस हीटर मशीन बंद असतानाही चालू राहील असा जोडा.

बऱ्याच जुन्या पीएलसींत प्रोग्रॅम रॅममध्ये, बॅटरीच्या भरवशावर असतो. दिवाळीत आठवडाभर मेन बंद राहिला की संपलेली बॅटरी प्रोग्रॅम घेऊन जाते, मग बाजारात पार्ट मिळून उपयोग नाही. सुट्टीआधी बॅटरीचा दिवा बघा, मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तशी, बहुधा सप्लाय चालू ठेवूनच, ती बदला. बॅकअपचा पेनड्राइव्ह पॅनेलच्या दारात चिकटवू नका, ऑफिसच्या कपाटात ठेवा.