आजारी पिल्लू दिसलं की या चुका टाळा

"दादा, कोंबडीचं एक पिल्लू पंख पाडून बसलंय, काय देऊ?" असा फोन आठवड्यातून दोनदा तरी येतो. काय द्यायचं ते नंतर बघू. आधी पिल्लू उचला आणि बाजूला करा. "संध्याकाळपर्यंत बघू" म्हणून कळपात ठेवलेलं पिल्लू दिवसभर त्याच भांड्यात चोच बुडवतं, त्याच तुसावर हगतं आणि बाकीची तिथेच टोचत असतात. माझ्याकडे शेडबाहेर एक पुठ्ठ्याचं खोकं कायम तयार असतं. वर बल्ब, खाली वर्तमानपत्र. तूस घालत नाही, कारण मला विष्ठा दिसायला हवी.

विष्ठा न बघता औषध पाजणं ही सगळ्यात महाग चूक. मी ती केली आहे. वनराजा जातीच्या कोंबड्यांची २०० पिल्लं, चौथा आठवडा, बाहेर श्रावणातली झड. एका कोपऱ्यात पाण्याचं भांडं गळत होतं आणि तिथलं तूस मुठीत दाबलं की गोळा व्हायचा. दोन पिल्लं पिसं फुलवून, डोळे मिटून बसलेली. दुकानदार म्हणाला सर्दी असेल. त्याने अँटिबायोटिक दिलं, वर ताकदीसाठी बी-कॉम्प्लेक्स. तीन दिवस तेच पाजलं. चौथ्या दिवशी सकाळी तुसावर रक्त आणि ११ पिल्लं मेलेली.

एक मेलेलं पिल्लू घेऊन तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठला. डॉक्टरांनी ते फाडून आतड्याच्या शेवटाकडच्या दोन आंधळ्या पिशव्या दाखवल्या. रक्ताने टच्च भरलेल्या, गडद लाल. रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. हा परजीवीचा आजार, त्याला माझं अँटिबायोटिक काय करणार? त्यांनी अँप्रोलियम लिहून दिलं आणि बी-कॉम्प्लेक्स त्याच क्षणी बंद करायला लावलं. अँप्रोलियम बी-१ जीवनसत्त्वासारखं दिसतं म्हणून परजीवी फसतो आणि उपाशी मरतो. सोबत खरं बी-१ पाजलं की औषधाचा जोर जातो. तरीही दुकानात आजही दोन्ही पुड्या एकत्र दिल्या जातात, याचा मला मनस्वी राग येतो. एकूण २७ पिल्लं गेली. या परजीवीची अंडी उबदार, ओल्या तुसात एक-दोन दिवसांत पिकतात आणि नेहमीच्या फवारणीला दाद देत नाहीत. म्हणून मी रोज सकाळी भांड्यांखालचं तूस मुठीत दाबून बघतो. ओलं लागलं की उचलून बाहेर.

तपकिरी, चिकट, उग्र वासाची विष्ठा अधूनमधून पडते, ती मात्र नेहमीची असते. तिला घाबरून औषध सुरू करू नका.

पहिल्या आठवड्यातली पिल्लं बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजतेय. तिथे ३५ अंश लागतात, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करायचे. शेपटीखाली विष्ठा वाळून चिकटली असेल तर कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून काढा, ओढू नका.

आजारी पिल्लांना लस टोचू किंवा पाजू नका. शेडमध्ये आधी निरोगी पिल्लांचं करा, खोक्याकडे शेवटी जा. बरं झालेलं पिल्लू मी आठवडाभर तरी वेगळंच ठेवतो. नवीन मंडळींना दुसऱ्याच दिवशी ते परत सोडायचं असतं. एवढी घाई असेल तर हा धंदा करू नये.

मान पिळलेली आणि हिरवट पातळ हगवण दिसली की मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा संशय घ्या. यावर औषध नाही, ५ ते ७ व्या दिवशी दिलेली लासोटा लस हाच आधार. असं पिल्लू वाचलं तरी मी कळपात घेत नाही. "जगतंय तोवर बाजारात काढू" म्हणणाऱ्यांशी मी बोलणं सोडलंय, कारण त्यांच्यामुळे रोग शेजारच्या गावातल्या शेडांत जातो. मेलेलं पिल्लू ओढ्यात फेकायचं नाही, खड्डा खणून वर चुना टाकायचा.

आणि एका रात्रीत धडाधड मरतुक झाली तर मेलेली पिल्लं पिशवीत घालून दवाखान्यात नेऊ नका. २००६ मध्ये देशातला कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात सापडला होता. शेड बंद करा, कुणाला आत सोडू नका आणि डॉक्टरांना फोन करून तिथेच बोलवा.